सध्या काय वाचताय?

तुमच्याकडे भिशी असेलच. आमचीही आहे, कल्याणात, दहा जणींची. पण आमच्या भिशीला एक जादा नियम आहे. जिची चिठ्ठी निघेल तिने पैसे घ्यायचे, सगळ्यांना काहीतरी खायला करायचं, आणि ‘सध्या काय वाचते आहेस?’ ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. नुसतं नाव सांगून सुटका नाही. कशाबद्दल आहे, आवडलं का, कुठे कंटाळा आला, सगळं सांगायचं. एकदा एकीने फ्रीजमधल्या मसाल्यांच्या पुड्यांवरचा मजकूर वाचते म्हणून सांगितलं होतं, तेव्हा तिला त्या महिन्याची साबुदाण्याची खिचडी दोनदा करायला लावली.

पुस्तकांची आम्हांला चणचण नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. आमच्या पणज्यांच्या आधीपासून ह्या गावात पुस्तकं घरी नेण्याची सोय आहे. पिशवीत एकीकडे मेथीची जुडी, दुसरीकडे वाचनालयाचं पुस्तक, अशा आम्ही बाजारातून घरी येतो. भिशीत कुणी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’बद्दल सांगते, कुणी रमाबाई रानड्यांच्या १९१० साली आलेल्या आठवणींबद्दल. दोघीही लग्नानंतर नवऱ्याकडून लिहायला-वाचायला शिकल्या. रमाबाईंना तर त्यासाठी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी खावी लागली. हा भाग निघाला, की आम्ही सगळ्या एका सुरात त्या सासवा-नणंदांना नावं ठेवत असू. आपण नाही बाई तसल्या, असं मनात म्हणत असू.

आणि हे चाललेलं असताना माझ्या सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून लसूण सोलत असायच्या.

त्या मूळच्या मुरबाड तालुक्यातल्या, सरळगावच्या बाजूच्या. मामंजी गेल्यावर आमच्याकडे कल्याणला आल्या. आम्ही त्यांना आईच म्हणतो. भिशीच्या दिवशी त्या आवर्जून उंबऱ्याशी बसायच्या, मधून हसायच्या, कधी एखाद्या गोष्टीत ‘मग त्या पोरीचं काय झालं?’ असंही विचारायच्या. एकदा भिशीत नवी आलेली मुलगी सहज म्हणाली, “आजी, तुम्ही सध्या काय वाचताय?”

आई म्हणाल्या, “मी नाय वाचत, बाय. मी तुमचं ऐकते.”

विषय तिथेच संपला. वडे गार होत होते. पण त्या रात्री मला झोप लागेना. माझ्या लग्नाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. बावीस वर्षं मी ह्या बाईच्या हातात औषधाची बाटली देताना ‘ही लाल झाकणाची सकाळी’ म्हणून सांगत होते, बँकेच्या कागदावर त्यांचा अंगठा उठवून घेत होते, आणि स्वतःला पुस्तकवेडी म्हणवून घेत होते. त्या सासवांनी रमाबाईंना वाचू दिलं नाही म्हणून मी रागावत होते. मी कुणाला कधी अडवलं नव्हतं, हे खरं. पण मी विचारलं तरी कुठे होतं?

तुम्ही म्हणाल, त्या वयाच्या बायका बहुतेक अशाच. खरं आहे. १९५१च्या जनगणनेत आपल्या देशात शंभरांतल्या नऊ बायकांनाही अक्षरओळख नव्हती. आई साधारण त्याच सुमारास जन्मलेल्या. त्यांच्या गावाजवळ शाळा नव्हती. जी होती तिथे धाकट्या भावाला कडेवर घेऊन जाता येत नव्हतं, आणि भावाला खाली ठेवायचं तर पाणी कुणी आणायचं? १९७८ साली देशभर प्रौढशिक्षणाची मोहीम निघाली. रात्रीचा वर्ग त्यांच्या गावातही भरला म्हणे, कंदील लावून. पुरुष जाऊन बसायचे. बायका त्या वेळी भाकऱ्या थापत असायच्या.

२०१६ साली वर्तमानपत्रात एक बातमी आली. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्चला, महिला दिनी, आजीबाईंची शाळा सुरू झाली होती. तिथले जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर ह्यांची ही कल्पना. त्याच्या आदल्या महिन्यात शिवजयंतीच्या वेळी गावात पोथीवाचन चाललं होतं, तेव्हा म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, आम्हांलाही हे वाचता आलं असतं तर! बांगर गुरुजींनी ते मनावर घेतलं. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने पाट्या, दप्तरं आणि गणवेशाची लुगडी दिली. सुमारे तीस विद्यार्थिनी, साठीपासून नव्वदीपर्यंतच्या. वर्ग दुपारी दोन ते चार, म्हणजे घरकाम उरकल्यावर. शिकवणारी कोण? गावातलीच एक तरुण सून. आणि तिची स्वतःची सासूही पाटी घेऊन तिच्यासमोर बसलेली!

(आमच्या भिशीत तेव्हा एकजण व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचत होती. त्यातही तरुण मास्तर धनगरवाडीवर शाळा चालवायला येतो. इथे तर मास्तरांचं आडनावच बांगर! ह्या योगायोगावर आम्ही अर्धा तास घालवला.)

ती बातमी मी आईंना वाचून दाखवली. त्यांनी ती तीनदा वाचायला लावली. पहिल्यांदा त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्यांदा म्हणाल्या, “गुलाबी लुगडं? खरंच गुलाबी?” गणवेशाचा रंग गुलाबी आहे, असं बातमीत होतं. नवरा गेलेल्या बाईला गुलाबी रंग आपल्याकडे कोण नेसू देतं? तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्या म्हणाल्या, “मला एकदा बघायचंय.”

बघायला जायचं जमेपर्यंत पुढल्या वर्षीचा फेब्रुवारी उजाडला. मुलांच्या परीक्षा, पाहुणे, ह्यांची रजा. तुम्हांला सांगायला नकोच. थेट कल्याणहून एस.टी.ने मुरबाडला जाता आलं असतं. रायत्याला उल्हास नदी ओलांडली, की तासा-दीड तासाचा रस्ता. पण आई म्हणाल्या, आधी शहापूरला लेकीकडे जाऊ, मग किन्हवलीवरून मुरबाड. लेक म्हणजे माझ्या वन्सं. तेव्हा आम्ही दोघी कसाऱ्याच्या लोकलमध्ये बसलो.

मुंबईकडच्या गर्दीला कंटाळलेल्या बाईने कधीतरी ही गाडी आडवेळी पकडावी. टिटवाळा गेलं, की खिडकीतून डोंगर दिसू लागतात, डब्यात बसायला जागा मिळते, आणि खडवली-वाशिंद येईतो वाऱ्याला पेंढ्याचा वास येतो. माझ्या हातात गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ होतं. १९७० साली आलेलं, १९७२चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं हे पुस्तक मी पुढच्या भिशीसाठी वाचत होते. टिटवाळा स्टेशन आलं तेव्हा मी आईंना मोठ्या ऐटीत सांगितलं, “आई, जानेवारी १९४५ मध्ये इथे शेतकऱ्यांची मोठी परिषद भरली होती. उंबरगावकडचे वारली इथे आले. सावकार-जमीनदार त्यांना फुकट राबवून घ्यायचे, ती वेठ पुढे मोडली. ते सगळं ह्यात लिहिलंय.”

आई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “वेठीचं माझा बाप सांगायचा. आवणीच्या वेळी स्वतःचं शेत ठेवून आधी दुसऱ्याच्या शेतात जावं लागायचं. आपलं रोप पिवळं पडायचं.” आणि मग आसनगाव येईपर्यंत त्या बोलत राहिल्या. मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. आमच्या दोघींत वाचक कोण आणि श्रोता कोण, ते त्या दिवशी उलटंच झालं.

आसनगावला उतरलं, की माहुलीचा किल्ला समोर उभा राहतो. त्याचे सुळके एकदा बघितले, की विसरत नाहीत. शहापूर गाव तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर. गाव म्हणावं तर बाजारपेठ मोठी, शहर म्हणावं तर संध्याकाळी गुरं घरी येताना दिसतात. ह्या तालुक्याची एक गंमत आहे, पण ती हसण्यासारखी नाही. मुंबई पाणी पिते ते इथलं. तानसा धरण १८९२ साली पुरं झालं, पुढे वैतरणेवरचं मोडकसागर, मग भातसा. आपल्या नळाला पाणी येतं ते ह्या डोंगरांतून. आणि इथल्याच पाड्यांवरच्या बायका एप्रिल-मे महिन्यात हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात, टँकरची वाट बघतात. मुंबईत राहणाऱ्या मैत्रिणींनो, बेसिनचा नळ सुरू ठेवून दात घासताना एवढं आठवा.

वन्संच्या घरी रात्री जेवणं झाल्यावर तोच प्रश्न निघाला. सध्या काय वाचता? वन्संच्या आळीत एक साप्ताहिक नऊ घरांत फिरतं. वर्गणी एकीची, वाचणाऱ्या नऊजणी. पहिल्या घरी कोरं येतं आणि नवव्या घरी पोहोचेपर्यंत पाककृतीच्या पानावर हळदीची बोटं, विणकामाचं पान कापून नेलेलं, आणि कोड्यात चार जणींच्या चार अक्षरांनी लिहिलेली चुकीची उत्तरं. वन्संचा नंबर सातवा. “कथेचा शेवट कुणीतरी फाडून नेलेला असतो,” त्या म्हणाल्या, “मग आम्ही आपापला करतो.” आई कौतुकाने लेकीकडे बघत होत्या. ह्या मुलीला दहावीपर्यंत शिकवण्यासाठी त्यांनी भाताच्या खळ्यावर मजुरी केली, हे मला त्याच रात्री कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. किन्हवलीचा रस्ता सुंदर आहे. फेब्रुवारीत भातखाचरं रिकामी असतात, बांधांवर पळस फुलायला लागलेला असतो, मोहाची झाडं पानं गाळून उभी असतात. एस.टी. प्रत्येक फाट्यावर थांबते. कोंबड्या, करवंदीच्या जाळीसारख्या काटक्यांचे भारे, शाळेची मुलं, सगळं आत येतं. सरळगावला आई एकदम उठून उभ्या राहिल्या. माहेर जवळ आलं होतं, आणि आता न उतरता पुढे जायचं म्हणजे भावाचा अपमान! उतरलो. भावजयीने चहा केला, मग जेवूनच जा म्हणाली, मग नाचणीच्या भाकरी, वालाचं बिरडं, मग वाडीतल्या सगळ्या घरांतून ‘कमळआत्या आली’ म्हणून बोलावणं. मी घड्याळ बघत होते. दोन ते चार वर्ग. आम्ही मुरबाडहून जीप करून आत फांगण्यात पोहोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते.

शाळा सुटली होती.

मला रडूच आलं. एवढा वर्षभर घातलेला घाट, आणि बिरड्यापायी शाळा हुकली! पण आईंना त्याचं काही वाटलं नाही. त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहून समोर बघत होत्या. एक म्हातारी गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून, काठी टेकत घराकडे चालली होती. अंगणात पोहोचल्यावर तिने दप्तर खुंटीला अडकवलं आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली. जसं काही शाळेतून येणं आणि म्हशीला पाणी दाखवणं ही एकाच दिवसाची दोन कामं. आहेतच की!

आई सरळ अंगणात गेल्या. कुठल्या गावची, कुणाची, हे विचारून होईतो दोघींचं कुठल्या तरी तिसऱ्या गावावरून नातं निघालं. मग आई म्हणाल्या, “बाय, तुझी पाटी बघू?”

पाटीवर अर्धवट पुसलेली बाराखडी होती. आईंनी ती दोन्ही हातांत धरली, लाकडी चौकटीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे दिली. “माझं नाव लिही.”

आईंचं नाव कमळ. मी पेन्सिल घेतली आणि लिहिता लिहिता माझा हात थांबला. क, म, ळ. एक काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, उकार नाही. आपल्या भाषेत ह्याहून सोपं नाव लिहायला सापडणार नाही. अंकलिपीतल्या व्यंजनांचं पहिलंच पान!

“हे तिन्ही माझे?” आईंनी विचारलं.

“तिन्ही तुमचे.”

“पोरं घरात घोकायची, क कमळाचा, क कमळाचा,” त्या म्हणाल्या, “मला वाटायचं, ते फुलाचं चाललंय.”

परत येताना मुरबाडच्या बाजारात आम्ही पाटी घेतली. दगडी पाटी मिळायला तीन दुकानं फिरावं लागलं.

आता घरच्या शिकवणीबद्दल थोडं सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाच्या घरात सासू, आजी किंवा आत्या अशी असेल तर उपयोग होईल. पहिली गोष्ट, पाटीच्याही आधी डोळे तपासा. आम्ही महिनाभर ‘म’ आणि ‘भ’ मधला फरक शिकवत बसलो, आणि मग कळलं, आईंना दोन्ही सारखेच धूसर दिसत होते. मोतीबिंदू पिकला होता. शस्त्रक्रिया झाल्यावर चष्मा लागला आणि दोन दिवसांत ‘म’ वेगळा झाला. दुसरं, लहान मुलांची चित्रं रंगवायची पुस्तकं त्यांच्यापुढे टाकू नका. सात मुलं-नातवंडं वाढवलेल्या बाईला ‘अ अननसाचा’ म्हणायला लाज वाटते, आणि वाटायलाच हवी. त्यांच्या रोजच्या वापरातलं घ्या. डाळीचे डबे, औषधाची पट्टी, विजेच्या बिलावरचं नाव. आमच्याकडे मी सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या. त्यात तांदळाच्या डब्याला चुकून ‘तुरडाळ’ लागली. ती चूक आईंनी धरली तो दिवस आमच्या घरात सणासारखा गेला.

तिसरं, शिकवणारी तुम्हीच असायला पाहिजे असं नाही. माझा आवाज चढायचा. मी कबूल करते. दहादा सांगितलेलं अकराव्यांदा विसरलं, की मी नाक मुरडायचे, आणि आई पाटी मिटल्यासारखी पालथी ठेवून लसूण सोलायला घ्यायच्या. माझी आठवीतली मुलगी मात्र त्यांना छान शिकवायची, कारण तिला स्वतःला शुद्धलेखनात कमी मार्क होते. दोघी मिळून चुकायच्या.

पण खरी पंचाईत झाली ती पोथीची. आईंच्या मनात होतं ते पोथीच वाचायचं. श्रीधरांचं ‘शिवलीलामृत’, १७१८ सालचं. त्यातला अकरावा अध्याय कितीतरी घरांत रोज वाचतात. मी मोठ्या टाइपातली पोथी आणली. आईंनी चष्मा लावला, बोट ठेवलं आणि घडाघडा वाचायला सुरुवात केली. मी थक्क! पाच मिनिटांनी बघते तर बोट सातव्या ओवीवर आणि तोंड बाराव्या. आयुष्यभर ऐकून ऐकून अध्याय पाठ झालेला. अक्षरांकडे बघायची गरजच नव्हती. आता पाठ असलेलं वाचायला कसं शिकवायचं? शेवटी मुलीने तोडगा काढला. ती ओव्यांची पट्टी कापून उलटसुलट लावायची, मधली एखादी झाकायची, म्हणजे आईंना थांबून बघावंच लागायचं. पोथीला कात्री लावली म्हणून आधी आईंनी तोंडात मारून घेतलं, मग मुलीने झेरॉक्सची प्रत दाखवली तेव्हा शांत झाल्या.

एवढं करून अकरावा अध्याय अक्षरांवरून वाचायला त्यांना सात महिने लागले. वेगात सांगण्यासारखं त्यात काही नाही. आजही जोडाक्षर आलं, की त्या थांबतात, ओठ हलवतात, आणि ‘हे कुणी एकावर एक चढवलंय?’ म्हणतात.

मधल्या काळात भिशीत त्यांचाही नंबर धरला. दहाच्या अकरा जणी झालो. पहिल्यांदा चिठ्ठी निघाली तेव्हा त्यांनी रव्याचे लाडू केले, पैसे मोजून कनवटीला लावले आणि प्रश्नाची वाट न बघता सांगून टाकलं, “सध्या मी पाट्या वाचते. दुकानाच्या.” कल्याणच्या शिवाजी चौकापासून घरापर्यंत कुठल्या दुकानाचं नाव कसं लिहिलंय, कुणाच्या पाटीवरचा काना पडलाय, कुठल्या डॉक्टरांच्या नावापुढे किती अक्षरं आहेत, हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं, की पुढे ज्या मैत्रिणीला एका कादंबरीबद्दल बोलायचं होतं ती म्हणाली, मी पुढच्या वेळी बोलते.

२०१९च्या जानेवारीत, पौष पौर्णिमेला, आई म्हणाल्या, म्हशाच्या जत्रेला जाऊ. म्हसा मुरबाड तालुक्यातच. खांबलिंगेश्वराची मोठी जत्रा भरते, बैलांचा बाजार असतो, घोंगड्या मिळतात. आईंना एक घोंगडी घ्यायची होती. आम्ही दोघी सकाळी कल्याणच्या एस.टी. स्टँडवर जाऊन बसलो. गर्दी ही! गाडी कुठल्या फलाटाला लागेल ते कुणालाच सांगता येईना. चौकशीच्या खिडकीपुढे रांग. मी म्हटलं, लागेल तेव्हा लागेल, आणि पिशवीतून पुस्तक काढलं. कुठलं ते आता आठवत नाही, पण चांगलं असणार, कारण मी त्यात पार बुडून गेले होते.

आईंनी कोपराने ढोसलं.

“ऊठ. लागली.”

“कशावरून?” मी मान वर न करता विचारलं.

“पाटी बघ की,” आई पदर खोचत म्हणाल्या, “म्हसा. खाली लिहिलंय, मुरबाडमार्गे. तू बस वाचत, मी जागा धरते.”